कोरडं फडकं

आमच्याकडे मांस भाजणाऱ्याला फार मान. आसादो, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं मांस, ताटात पडला, पहिला घास तोंडात गेला, की कुणीतरी ओरडतंच, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" मग सगळे सुऱ्या खाली ठेवून टाळ्या वाजवतात. मांस कोळसा झालेलं असो की चामड्यासारखं चिवट, टाळ्या चुकत नाहीत. नोर्बेर्तोच्या हातचं मात्र कधी कोळसा व्हायचं नाही की चिवट निघायचं नाही. हे त्याच्या शत्रूनेसुद्धा कबूल केलं असतं, आणि त्याला शत्रू एकच होता, त्याचा जावई.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी या जावयाने अगदी गोड आवाजात, "तुम्ही बसा हो, किती वर्षं धूर खाणार," असं म्हणत त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला. तेव्हापासून घरच्या अंगणातली मांस भाजायची जाळी जावयाची झाली. ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप त्याआधीच विकून झालं होतं. आता घरात नोर्बेर्तोला कुणी काही विचारत नसे. टीव्हीचा आवाज कमी करा, एवढं मात्र येताजाता सगळे सांगत. त्याची बायको नेलिदा हे बघत होती आणि आतल्या आत कुढत होती. एवढा दांडगा माणूस, पण खुर्चीत बसला की हल्ली खुर्चीच मोठी वाटायची.

उरला होता तो जानेवारी, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा. दर उन्हाळ्यात दोघं जुन्या पिक-अपमध्ये तंबू आणि लोखंडी जाळी टाकत, पंपा नावाचं आमचं सपाट माळरान मागे टाकून दक्षिणेला डोंगरात जात आणि दोन्या एल्सिराच्या कॅम्पवर उतरत. मानाने हाक मारायची तर आमच्याकडे बाईला दोन्या, पुरुषाला दॉन. नदीच्या काठाला कोइवेची उंच झाडं, त्यांच्याखाली तंबू. वीज नाही, फोनला रेंज नाही. एल्सिराला गोंगाट खपत नसे, त्यामुळे तिथे येणारी माणसंही तशीच, हळू बोलणारी. तिथे जावई कोण हे कुणाला माहीत नव्हतं. तिथे नोर्बेर्तो 'उस्ताद' होता. सकाळी तोंड धुवायच्या आत कुणीतरी तंबूबाहेर येऊन उभं राहायचं, "उस्ताद, लाकूड ओलं आहे हो, काय करू?" आणि नोर्बेर्तो घसा खाकरून असा बाहेर यायचा, जसा काही सर्जनच.

यंदा त्यांच्या शेजारी एक तरुण जोडपं येऊन उतरलं. तोबियास आणि मिली. पाठीवर बोचकी, ठिगळ लावलेला तंबू, आणि गिटार. मध्ये एक जुनं कोइवेचं झाड, त्याच्या अलीकडे म्हातारे, पलीकडे पोरं.

"गिटार आहे," नोर्बेर्तो पुटपुटला. "म्हणजे झोपेचं वाटोळं."

"होऊ दे की. तुझ्या घोरण्याला साथ मिळेल, जाड्या," नेलिदा म्हणाली.

बडबडला तरी मांस झाल्यावर बरगडीचा सगळ्यात चांगला तुकडा त्याने स्वतः लाकडी फळीवर घालून पोरांना नेऊन दिला. आपल्या धुराचा वास दुसऱ्याच्या नाकात जातोय आणि त्याच्या ताटात काही नाही, हे त्याला सहन होत नसे. पोरांनी असं खाल्लं, जसं काही आठवडाभर नुसता भात उकडून खात होती. बहुतेक खातच होती. भाजणाऱ्यासाठी टाळ्या म्हणून सगळ्यात मोठ्याने तोबियासच ओरडला. त्या लांबलेल्या संध्याकाळी, नदीवर अजून उजेड असताना, सगळ्या कॅम्पने टाळ्या वाजवल्या. नोर्बेर्तोने मान अशी किंचित हलवली, की हे तर रोजचंच आहे.

"पोरगं वाईट नाही," तो नंतर बायकोला म्हणाला. "केस तेवढे कापायला हवेत."

मग विस्तव विझवायची वेळ झाली. फाटकावर एल्सिराने पाटी लावली होती, 'पाणी, पाणी आणि आणखी पाणी.' नोर्बेर्तो ती पाटी दर वर्षी वाचत असे आणि दर वर्षी हसत असे. त्याचा बाप पंपाच्या माळावर एका मोठ्या कुरणात गुराखी होता. तिथे पाणी विहिरीतून ओढायचं, ते निखाऱ्यांवर कोण ओतणार? रात्री निखाऱ्यांवर माती लोटायची, थोपटायची, आणि पहाटे माती बाजूला केली की खाली लालबुंद विस्तव. त्यावर किटली. नोर्बेर्तोला हे बापाने शिकवलं होतं आणि त्यात काही बदल करावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याने फावडं घेतलं, निखारे खड्ड्यात लोटले, वर माती ओढली आणि फावड्याच्या पाठीने थोपटून थोपटून गुळगुळीत केली.

"उस्ताद," पलीकडून तोबियास म्हणाला. तो नदीवरून पाण्याचं भांडं घेऊन येत होता. "पाणी हवंय का? मी आणतोच आहे."

"पाणी?" नोर्बेर्तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "बाळा, मी आग विझवतोय, तिला आंघोळ घालत नाहीये. पाणी कोण ओततं? ज्याला आग कळत नाही तो."

लोक हसले. तोबियासही हसला, जरा ओशाळून, आणि आपल्या चुलीवर भांडं ओतायला गेला. मग पुन्हा नदीवर गेला, पुन्हा आला. त्याचा तो खड्डा शेवटी डुकरं लोळल्यासारखा दिसायला लागला.

"दोन बादल्या ओतल्यास तर हात झिजतील का तुझे?" नेलिदाने हळूच विचारलं.

"म्हातारे, तू भांडी घास."

तिने भांडी घासली. निळ्या रेघांचं ओलं फडकं पिळून त्या थोपटलेल्या मातीच्या कडेला, दगडांवर पसरलं, आणि दोघं झोपायला गेले. गिटार वाजली, पण इतकी हळू की नदीच्या आवाजात नीट कळलीही नाही.

सकाळी आरडाओरड्याने जाग आली. मधल्या कोइवेच्या बुंध्यातून धूर येत होता. बुंध्यापाशी पानांचा थर होता, त्यात एक भोक पडलं होतं आणि आत लाल दिसत होतं. नोर्बेर्तो अर्धी चड्डी आणि गंजीफ्रॉकवर धावला. पुढचा वेळ त्याचाच होता. "तुम्ही बादल्या! तुम्ही दोघं फावडी! इकडून खणा, वाऱ्याच्या बाजूने!" माणसांची रांग नदीपर्यंत लावली, बादल्या हातोहात यायला लागल्या. तोबियास गुडघ्यावर बसून हातांनी मुळं मोकळी करत होता. मिली नदीत कमरेपर्यंत उभी राहून बादल्या भरत होती. सगळे चिखलाने आणि राखेने माखले. शेवटी भोकातून नुसती वाफ यायला लागली, आणि नोर्बेर्तोने फावडं जमिनीत रोवून सांगितलं, "झालं."

तोपर्यंत एल्सिरा येऊन उभी राहिली होती. ठेंगणी बाई, डोक्यावर पुरुषी टोपी. तिने झाडाच्या बुंध्याला हात लावला. मग नदीपलीकडे पाहिलं. समोरचा डोंगर दोन उन्हाळ्यांपूर्वी जळला होता आणि अजून काळा होता. त्यात तिच्या बहिणीचं घर गेलं होतं.

"हे मुळातून आलंय," ती म्हणाली. "इथली जमीन म्हणजे नुसती पानं आणि मुळं. विस्तव आत राहिला की मुळाच्या वाटेने चालत जातो, आणि कुठे वर येईल सांगता येत नाही. कुणाचा विस्तव होता?"

कुणी बोललं नाही. पण माणसांचे डोळे बोलतात. झाडाच्या एका बाजूला नोर्बेर्तोचा खड्डा होता, नीट थोपटलेला, वर लोखंडी जाळी ठेवलेली, पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेल्या पलंगासारखा. दुसऱ्या बाजूला पोरांचा खड्डा, काळा चिखल, विखुरलेली अर्धवट लाकडं. सगळे त्या चिखलाकडे बघायला लागले.

"आमची चूल विझली होती," तोबियास म्हणाला. "आम्ही भांडी भरभरून..."

"लेकरं आहेत, दोन्या एल्सिरा," नोर्बेर्तो मध्येच म्हणाला. त्याचा आवाज भरदार होता आणि त्यात खरी माया होती. "मुद्दाम नाही केलं. शहरातल्या पोरांना आगीची सवय नसते. जाऊ द्या."

तो हे त्यांच्या बाजूने म्हणूनच बोलला होता. पण त्या वाक्याने निकाल लागून गेला. इतकी वर्षं येणारा, आताच झाड वाचवणारा माणूस म्हणतोय, म्हणजे प्रश्नच मिटला.

नेलिदा तेव्हा फडकं आणायला गेली होती. नवऱ्याचं तोंड राखेने काळं झालं होतं, ते पुसावं म्हणून. नदीकाठी सकाळी सगळं ओलं असतं. तंबू ओला, खुर्च्या ओल्या, दोरीवरचे मोजे ओले. तिने दगडांवरचं फडकं उचललं आणि ते तिच्या हातात करकरलं. रात्री पिळून टाकलेलं फडकं कोरडं ठणठणीत होतं. आणि गरम होतं, इस्त्री करून नुकतंच ठेवल्यासारखं.

ती तिथेच उभी राहिली. मातीच्या ढिगाकडे तिने पाहिलं, मग ढिगापासून झाडापर्यंतच्या जमिनीकडे. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. एल्सिराने आत्ताच सांगितलं होतं.

तिने मान वर केली तर मिली तिच्याकडे बघत होती. ओली, थंडीने ओठ निळे पडलेली पोर. तिने नेलिदाच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं, मातीच्या ढिगाकडे पाहिलं आणि मग नेलिदाच्या डोळ्यांत पाहिलं. वाट बघत होती.

एक वाक्य पुरलं असतं. थांबा, हे बघा, गरम आहे. पण नेलिदाने नवऱ्याकडे पाहिलं. तो चिखलात उभा होता, पाठ ताठ, फावड्यावर हात, आणि दहाबारा माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. वर्कशॉप होतं तेव्हा तो असा उभा राहायचा. तिने फडक्याची चार पदरी घडी घातली आणि मूग गिळून बसली.

"तासाभरात मला इथे तुमचा तंबू दिसता कामा नये," एल्सिरा पोरांना म्हणाली.

तोबियास पुन्हा बोलायला गेला. मिलीने त्याची बाही ओढली. "राहू दे, तोबी. चल."

पोरं बांधाबांध करत होती तेव्हा नेलिदा माते, म्हणजे आमच्याकडचा नळीने प्यायचा कडू चहा, घेऊन त्यांच्याकडे गेली. का गेली, तिचं तिलाच ठाऊक. पेला भरला, नळी मिलीच्या बाजूला करून पुढे धरला. आमच्याकडे पुढे केलेला माते थंडीने कुडकुडणारा माणूस नाकारत नाही. नाकारला तर त्याचा अर्थ समोरच्याला कळतो.

"नको, बाई," मिली म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात. तिने तंबूची काठी दुमडून पिशवीत सरकवली.

नेलिदाने तो माते उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला. जीभ भाजली.

पोरं रानातल्या वाटेने निघून गेल्यावर कॅम्पवर सगळ्यांना एकदम हलकं वाटायला लागलं. कुणीतरी नोर्बेर्तोसाठी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. एल्सिराने घरचा ताजा पाव फडताळातून काढून आणला आणि त्याच्या हातात ठेवला. "आजपासून इथे कुणीही चूल पेटवायची नाही," तिने जाहीर केलं. "माझ्या स्वयंपाकघरामागे विटांची भट्टी आहे, तेवढी चालेल. आणि तीही फक्त दॉन नोर्बेर्तो पेटवतील. दुपारी सगळे तिथेच जेवू."

"बघितलंस?" नोर्बेर्तो बायकोजवळ येऊन म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "फक्त दॉन नोर्बेर्तो."

"बघितलं."

"तुला काय झालं? तोंड असं का?"

"धूर गेलाय डोळ्यांत."

तो जाळी घ्यायला आपल्या खड्ड्याकडे गेला. जाळी एका बाजूने कलली होती, माती खचल्यासारखी. त्याने फावडं टेकवलं आणि फावडं दांड्यापर्यंत आत गेलं. वरची माती ढासळली. खाली पोकळी होती, आणि पोकळीतून एक भोक झाडाच्या दिशेने गेलं होतं, हात घालता येईल एवढं. त्याच्या कडा अजून लाल होत्या.

नोर्बेर्तो वाकून आत बघत राहिला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. चोरासारखं पाहिलं. आणि त्याची नजर नेलिदाच्या नजरेला भिडली.

"पाणी आण," तो म्हणाला.

दोघांनी मिळून पाणी ओतलं. बादलीमागून बादली. वाफेचा लोट उठला तेव्हा शेजारच्या तंबूतले गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "उस्ताद, तुमचं विझलेलं असूनही?"

"खात्री केलेली बरी," नोर्बेर्तो म्हणाला. आणि ते गृहस्थ आपल्या बायकोला सांगायला गेले, की बघ, याला म्हणतात जबाबदार माणूस.

मग नोर्बेर्तो तंबूत जाऊन पथारीवर बसला. नेलिदा मागोमाग आत गेली. एवढा वेळ तिच्या छातीत जे साठलं होतं त्याला आता वाट मिळाली, आणि ती सगळी वाट तिने नवऱ्याच्या अंगावरून काढली.

"पाणी ओत म्हटलं होतं मी! त्या पोरानेही म्हटलं होतं. त्याची सगळ्यांदेखत टर उडवलीस. आणि सकाळी काय? लेकरं आहेत, जाऊ द्या! मोठं मन दाखवत होतास!"

"हळू बोल."

"का हळू? ती पोरं चोरासारखी हाकलली गेली, ओल्या कपड्यांनी. जा आणि सांग एल्सिराला."

"सांगतो. जेवण होऊ दे."

"जेवशील? मान वर करून? लाज वाटेल का जरा?"

"वाटतेय गं!" तो ओरडलाच, मग आवाज खाली आणला. त्याने तोंड हातांत झाकलं. राख अजून पुसलेली नव्हती. "मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला. पण एक आहे, म्हातारे. मला माहीत नव्हतं. तुझी शपथ. आत्ता कळलं आपल्याला. सकाळी कळलं असतं तर मी त्यांच्यासमोर बोललो असतो. माहीत असून गप्प बसणारा माणूस नाही मी. तू ओळखतेस मला."

नेलिदा तंबूच्या दाराची चेन खालीवर करत राहिली.

"हो," ती म्हणाली. "ओळखते."

दुपारी भट्टी पेटली. त्याने मांस नेहमीसारखंच भाजलं, हातांना सवय होती. पण चिमट्याने निखारे उगाच सारखे करत राहिला. लांब टेबलाभोवती सगळे बसले. एल्सिरा टोपी काढून टेबलाच्या टोकाला बसली होती. पहिला घास गेला, आणि ते शेजारचे गृहस्थच उभे राहिले. "भाजणाऱ्यासाठी आणि झाड वाचवणाऱ्यासाठी..."

टाळ्या सुरू झाल्या.

"थांबा," नोर्बेर्तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. "थांबा! हात खाली करा." चिमटा भट्टीवर आपटला तेव्हा शांत झाले. "आग माझी होती. पोरांची नाही. मी माती टाकून झोपलो. मुळातून गेली ती माझ्या खड्ड्यातून गेली. पाणी ओता म्हणून त्या पोराने सांगितलं, आणि मी हसलो त्याला. तुम्हीही हसलात, पण ते माझ्यामुळे."

कुणीतरी घास गिळल्याचा आवाज आला. एल्सिरा जागची हलली नाही.

"हेसुद्धा मी बोललो नसतो," तो पुढे म्हणाला. त्याने बायकोकडे बोट केलं, आणि त्याचे डोळे भरून आले. "मी जेवण उरकून सांगणार होतो. कदाचित तेव्हाही कच खाल्ली असती. हिने मला उभं केलं. चाळीस वर्षांत हिने मला एकदाही खोटं पचू दिलेलं नाही."

सगळे नेलिदाकडे वळले. शेजारी बसलेल्या बाईने तिचा खांदा दाबला. "किती सरळ आहात हो तुम्ही," ती कुजबुजली. नेलिदाला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. ती ताटातल्या मांसाकडे बघत राहिली. आता बोलावं, आत्ताच बोलावं, असं मनात आलं. पण त्या बाईचा हात खांद्यावर होता, आणि हात चांगला ऊबदार होता.

एल्सिरा उठली. "मी ऐकूनही घेतलं नाही त्यांचं," ती म्हणाली. "पोरगं बोलत होतं आणि मी ऐकलं नाही." तिने टोपी डोक्यावर चढवली. "बस अजून गेली नसेल. जा, घेऊन या त्यांना. तुमचं काय करायचं ते मी मग बघते, दॉन नोर्बेर्तो."

नेलिदाने घाईघाईने ताटातले दोन मोठे तुकडे आणि उरलेला पाव उचलला, हाताला लागलं त्या कापडात बांधला, आणि पिक-अपमध्ये नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

वाटेत तो एकदाच बोलला. "जावयाला कळलं तर काय म्हणेल?" आणि मग स्वतःच म्हणाला, "म्हणू दे."

डांबरी रस्त्यावर, बसथांब्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरं बसली होती. ओले कपडे दोरीवर घालावेत तसे गिटारच्या पेटीवर पसरले होते. पिक-अप बघून तोबियास उभा राहिला, भांडणाच्या तयारीने. नोर्बेर्तो खाली उतरला. त्याने टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली.

"पोरांनो, आग माझी होती."

"माहीत आहे, उस्ताद," तोबियास म्हणाला.

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

"बोललो की. पण तुमचा आवाज मोठा होता." त्याने केसांतून हात फिरवला. मग त्याच्याच्याने राहवलं नाही. "आणि आमचं कोण ऐकणार होतं? केस तर बघा माझे."

नोर्बेर्तो हसला नाही. "मी तिथे सगळ्यांसमोर सांगितलंय. एल्सिराने बोलावलंय तुम्हाला. तुम्ही नाही आलात तरी तुमचं बरोबर आहे. पण खरंच मला माहीत नव्हतं रे. माहीत असतं तर..."

"ते दिसत होतं," मिली म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं. म्हणून तुमचा राग नाही आला मला, उस्ताद. चिडचिड झाली, पण राग नाही."

नोर्बेर्तोचे खांदे खाली आले, ओझं उतरल्यासारखे. तेवढ्यात नेलिदा गाडीतून उतरली. "खाऊन घ्या गं आधी, सकाळपासून पोटात काही नसेल," असं म्हणत तिने गाठोडं मिलीच्या हातात दिलं. मिलीने ते घेतलं. आणि घेतलेला हात तसाच राहिला. तिने गाठोड्याची गाठ बघितली, निळ्या रेघा बघितल्या, एका कोपऱ्यावरचा जळका डाग बघितला.

"हेच फडकं ना, बाई?" तिने विचारलं. "सकाळचं?"

नेलिदाने खाली पाहिलं. हाताला लागलं ते कापड तिने घेतलं होतं. तेच होतं.

"कसलं फडकं?" नोर्बेर्तोने विचारलं.

तोबियासला काही कळलं नव्हतं, तो एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. मिलीने गाठोडं परतही केलं नाही आणि सोडलंही नाही, नुसतं धरून उभी राहिली.

"नेलिदा," नोर्बेर्तो म्हणाला. लग्नाला एवढी वर्षं झाली, 'म्हातारे' सोडून नावाने त्याने तिला क्वचितच हाक मारली होती. "कसलं फडकं?"

"तुझ्या मातीच्या कडेला वाळत घातलं होतं," ती म्हणाली. "सकाळी उचललं तर कोरडं होतं. गरम होतं. ही पोरं तेव्हा तिथेच होती. एल्सिराने त्यांना जा म्हणून सांगायच्या आधी."

दुरून बस आली, थांबली नाही, कारण कुणी हात केला नाही. धूळ खाली बसेपर्यंत चौघंही तसेच उभे होते. नोर्बेर्तोने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. त्याला आपण दुपारी टेबलापाशी काय बोललो ते आठवत असावं, कारण त्याचे कान लाल झाले. त्याने वाकून पोरांची बोचकी उचलली, मागे टाकली आणि पुढचं दार उघडून मिलीसाठी धरून ठेवलं.

पुढच्या बाकावर तिघंच मावत होते. नेलिदा पिक-अपच्या मागे गेली, चाकावर पाय देऊन वर चढली आणि बोचक्यांमध्ये, उघड्या फळीवर बसली. मिलीने खिडकीतून गाठोडं तिच्याकडे दिलं, ते तिने मांडीवर घेतलं. गाडी सुरू झाली, धूळ उडायला लागली. मागे बस, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे ये, असंही कुणी म्हटलं नाही.